वर येताना

मराठीने खोलीला फार मान दिला आहे. विचार खोल असतो, जखम खोल असते, विद्वत्ता खोल असते. माणसाच्या मनाचा थांग लागत नाही, प्रश्नाचा ठाव घ्यावा लागतो आणि अभ्यासकाने विषयाचा तळ गाठावा अशी अपेक्षा असते. आमच्या गावच्या विहिरीत बुडी मारून तळची माती मुठीत घेऊन येणारा मुलगा शूर समजला जाई. मुठीतली माती दाखवली की परीक्षा संपली. तो वर कसा आला, किती वेगाने आला, याकडे काठावरच्या कोणाचे लक्ष नसे. तसे लक्ष देण्याचे कारणही नव्हते. एका श्वासावर खाली गेलेल्याला तोच श्वास वर आणतो, आणि विहिरीएवढ्या खोलीवर, एवढ्याशा वेळात, शरीराच्या जमाखर्चात फरक पडत नाही. तेव्हा वर येणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळे कौशल्य लागत नाही, ही समजूत भाषेत आणि आपल्यात रुजली यात नवल नाही.

माणसाने पाण्याखाली हवा नेली तेव्हा ती समजूत मोडली. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. जमिनीवर आपण एका वातावरणाचे ओझे घेऊन हिंडतच असतो. दहा मीटरवर ते दुप्पट होते, तीस मीटरवर चौपट. तेथे श्वास घ्यायचा तर हवाही तितक्याच दाबाने छातीत आली पाहिजे, एरवी बरगड्या उचलणारच नाहीत. या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा, म्हणजे आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या नत्रवायूचा. श्वासाबरोबर तो येतो आणि जातो. शरीर त्याला विचारीत नाही, तो शरीराला विचारीत नाही. पण दाब वाढला की तो रक्तात विरघळू लागतो आणि रक्तावाटे स्नायूंत, चरबीत, सांध्यांभोवतीच्या ऊतींत, मज्जारज्जूत जाऊन मुरतो. रक्त काही मिनिटांत भरते, चरबीला तास लागतात. आणि जे सावकाश भरते ते रिकामेही सावकाशच होते. या शेवटच्या वाक्यात पुढचे सारे दुःख साठवलेले आहे.

वायू द्रवात किती विरघळेल हे दाबावर अवलंबून असते, हा विल्यम हेन्रीचा १८०३ सालचा नियम. पदार्थविज्ञानाची अध्यापिका म्हणून तो मी २७ वर्षे फळ्यावर लिहिला. उदाहरण नेहमी गोटीसोड्याचे देत असे. गोटी जागेवर आहे तोवर बाटलीतले पाणी निवळ दिसते, त्यात काही दडले आहे याचा संशयही येत नाही. अंगठ्याने गोटी आत ढकलली की क्षणात सारी बाटली फसफसून येते. हे बुडबुडे बाहेरून आलेले नसतात. वायू आतच होता. दाबामुळे गप्प बसला होता. वर्ग हसे, आणि मी पुढच्या नियमाकडे वळे. ही बाटली माणसाचीही होऊ शकते, हे त्या वर्गात सांगण्याचा प्रसंग नव्हता. अभ्यासक्रमात ते नव्हतेच.

पहिल्यांदा तो बुडबुडा पाहिला तो मात्र माणसात नव्हे, सापात. रॉबर्ट बॉइलने हवा काढून घेतलेल्या पात्रात एक विषारी साप ठेवला होता, आणि त्याच्या डोळ्यातील पाण्यात एक बुडबुडा इकडून तिकडे हलताना त्याला दिसला. हे निरीक्षण १६७० साली छापले गेले. ते पुढची पावणेदोनशे वर्षे एक विक्षिप्त नोंद म्हणून पडून राहिले, कारण तोवर कोणाच्या पोटापाण्याशी त्याचा संबंध आलेला नव्हता.

तो संबंध आला कोळशामुळे आणि पुलांमुळे. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी त्रिजे नावाच्या अभियंत्याने पाणथळ जमिनीतून खाणीची विहीर खाली न्यायची म्हणून तिच्यात दाबाखालची हवा भरली. हवेने पाणी मागे रेटले आणि माणसे कोरड्या तळावर खणू लागली. सात तास काम करून बाहेर आलेल्या दोघांच्या सांध्यांत अर्ध्या तासाने असह्य कळा आल्या, असे त्याने १८४१ साली नोंदवले. मद्यार्काने चोळल्यावर त्यांना बरे वाटले. १८५४ साली पोल आणि वातेल या डॉक्टरांनी नेमके हेरले, की दाबात शिरताना काही होत नाही आणि दाबात असताना काही होत नाही. जे होते ते बाहेर पडल्यावर होते, आणि पुन्हा दाबात गेले की वेदना मावळतात. रोगाचे निदान आणि उपचार दोन्ही त्या निरीक्षणात होते. ते गंभीरपणे घ्यायला मात्र आणखी बरीच माणसे लागली.

मिसिसिपीवर सेंट लुइस येथे जेम्स ईड्सने पुलाचे खांब उभारायला घेतले तेव्हा नदीच्या तळाशी बिनबुडाच्या प्रचंड पेट्या, म्हणजे केसॉन, उतरवून त्यांत दाबाची हवा भरली. १८७० साली काम ९० फुटांच्या खाली गेले आणि माणसे वाकडी होऊन बाहेर पडू लागली. वर राहिलेले सोबती थट्टेने म्हणत, हा बघा 'ग्रीशियन बेंड' करून चालला! त्या काळी फॅशनेबल स्त्रिया कमरेत पुढे झुकून चालत, त्या ढबीचे हे नाव. रोगाला 'बेंड्स' हे नाव चिकटले ते तेथून. थट्टा करणाऱ्यांपैकी काही जण दुसऱ्या आठवड्यात स्वतःच वाकत. मग मनगटाला आणि घोट्याला जस्त-चांदीचे पट्टे बांधण्याची टूम निघाली. मुकादमांचा त्यांवर मोठा विश्वास होता. ईड्सचा डॉक्टर जामिने एकदा स्वतः खाली गेला, पावणेतीन तास राहिला आणि साडेतीन मिनिटांत बाहेर आला. त्या रात्री त्याचे हातपाय लुळे पडले, वाचा गेली. तो वाचला, आणि पाळ्यांचा कालावधी कमी करावा असे त्याने ठरवले.

ब्रुकलिनच्या पुलाची कथा सर्वांना ठाऊक आहे. १८७२ साली मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग केसॉनमधून बाहेर आल्यावर कोसळला आणि पुढची वर्षे त्याची पत्नी एमिली हिने त्याचा शब्द आणि अभियंत्यांचे काम यांच्यातला दुवा सांभाळला. तिचे चरित्र अनेकांनी लिहिले, ते योग्यच झाले. मला मात्र त्या वर्षीच्या मे महिन्यातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे केसॉनमधील कामगारांनी मजुरीसाठी केलेला संप. दुसरी म्हणजे रोबलिंगचा निर्णय: न्यूयॉर्ककडच्या बाजूला खडक अजून खाली होता, तेथवर जायचे तर कित्येक माणसे दगावतील असा हिशोब करून त्याने साडेअठ्ठ्याहत्तर फुटांवर खोदकाम थांबवले. तो मनोरा आजही वाळूवर उभा आहे. तळ न गाठण्याचा इतका शहाणा निर्णय स्थापत्याच्या इतिहासात क्वचित सापडेल.

पुढे १८८९-९०च्या सुमारास हडसन नदीखालच्या बोगद्यावर अर्नेस्ट मोयर आला तेव्हा पंचेचाळीस-पन्नास माणसांत महिन्याला एक या प्रमाणात मृत्यू होत होते. त्याने जमिनीवर एक लोखंडी दाबकक्ष बसवला. आजारी माणसाला त्यात घालून पुन्हा दाब द्यायचा आणि हळूहळू उतरवायचा, एवढेच. पुढच्या पंधरा महिन्यांत १२० माणसांत दोन मृत्यू झाले. पॉल बेरने १८७८ साली ग्रंथच लिहून दाखवून दिले होते, की हे बुडबुडे नायट्रोजनचे असतात, दाब हळू उतरवावा आणि बाधा झालेल्याला प्राणवायू द्यावा. म्हणजे ज्ञान होते. पत्र्याची एक टाकी बसवण्याची बुद्धी व्हायला बारा वर्षे गेली.

पण 'हळू' म्हणजे किती हळू? याचे उत्तर जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शोधले, आणि त्यासाठी बोकड व शेळ्या वापरल्या. ब्रिटिश नौदलाला पाणबुडे हवे होते. हॉल्डेन यांनी लंडनमध्ये पोलादी कक्षात जनावरांना दाबाखाली ठेवून निरनिराळ्या रीतींनी बाहेर काढले. माणूस 'दुखते' असे सांगू शकतो. शेळी पुढचा एक पाय उचलून धरते. तो उचललेला पाय हे त्या संशोधनाचे मोजमाप होते. हॉल्डेन यांना आढळले, की दोन वातावरणांच्या दाबातून एकावर कितीही वेळाने थेट आले तरी बहुधा काही होत नाही. मग चारातून दोनावर, सहातून तिनावर यायलाही हरकत नसावी. म्हणजे एकसारख्या मंद गतीने चढत राहण्यापेक्षा आधी निम्म्या दाबापर्यंत यावे, तेथे थांबावे, मग दहा फूट, पुन्हा थांबावे. पृष्ठभाग जवळ येईल तसतसा मुक्काम वाढवीत न्यावा. कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली. पायऱ्यापायऱ्यांनी वर येण्याची ही रीत शंभरावर वर्षांनंतर अजून टिकून आहे. पायऱ्या बदलल्या, कल्पना तीच राहिली. मला या रीतीतले विशेष हे वाटते, की सर्वांत अधिक धीर अगदी शेवटी, उजेड दिसू लागल्यावर, डोक्यावर बोट दिसत असताना धरावा लागतो.

याच प्रयोगांच्या काळात, १९०६ साली, हॉल्डेन यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख घालून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले होते. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, त्यात पाणी शिरत होते. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन, जे १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. माझ्या वडिलांच्या पिढीतील विज्ञानप्रेमी माणसे त्यांचे नाव घरच्या माणसासारखे घेत. धोतर नेसणारा हा अनुवंशशास्त्रज्ञ कधीकाळी दाबकक्षात बसून स्वतःवर प्रयोग करीत होता, प्राणवायूच्या बाधेने आलेल्या झटक्यात त्याचे मणके दुखावले होते, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना माहीत असावे. १९३९ साली 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी ९९ माणसांसह बुडाली. मृतांमध्ये गोदीचे कामगारही होते. त्यांच्या संघटनांनी चौकशीसाठी हॉल्डेन यांना बोलावले, आणि त्यातून ते पुन्हा दाबाच्या अभ्यासाकडे वळले. बापाने नौदलासाठी केलेले काम मुलाने कामगारांच्या बोलावण्यावरून पुढे नेले, असे म्हणता येईल. मृत्यूनंतर त्यांचा देह काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला.

कोलकात्याला एका परिसंवादासाठी गेले असताना मी हावडा पूल मुद्दाम चालत ओलांडला. हा पूल १९४३ साली खुला झाला. त्याला साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले आणि त्यातले बरेचसे टाटांचे होते, हे कोणीही सांगतो. कोलकात्याच्या बाजूला वाळू वाहून आत येत असल्यामुळे पाया दाबाच्या हवेत खणावा लागला होता. दाब दर चौरस इंचाला सुमारे ४० पौंड होता, म्हणजे अठ्ठावीस मीटर पाण्याखाली असावा तितका, आणि त्या कामावर सुमारे ५०० माणसे होती. पुलावरून त्या संध्याकाळी हजारो माणसे डोक्यावर बोजे घेऊन घाईने चालली होती. मी कठड्याशी थांबले तर मागून धक्के बसू लागले. थांबणाऱ्याला तेथे जागाच नव्हती.

आता दादाविषयी लिहायला हवे. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. तो एका बंदरात कंत्राटदाराकडे पाणबुड्या होता. कंत्राटदाराचे आणि बंदराचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तसे कंत्राटदार पुष्कळ होते. जहाजांच्या तळाचे शेवाळ आणि शिंपले खरवडणे, धक्क्याच्या खांबांची पाहणी करणे आणि कधी बंदराबाहेर पंचवीस-तीस मीटर पाण्यात तुटून पडलेले नांगर शोधणे, हे त्याचे काम. हवा वरून नळीने येई. नांगराच्या कामानंतर वर येताना कोष्टकाप्रमाणे थांबे घ्यायचे असत, आणि नोंदवहीत ते रीतसर घेतलेले दिसत. प्रत्यक्षात वरची बोट भाड्याची असे आणि भाडे तासावर. "वरनं दोरीला दोन झटके आले की यायचं," तो सांगे, "वहीतले आकडे वर बसलेला लिहायचा." संध्याकाळी घरी आल्यावर त्याचा खांदा आणि मांडीचा सांधा ठणके. आत्या निर्गुडीचा पाला गरम करून शेकत असे. घरात सर्वांचे मत पडले, की पाण्यात राहून त्याला वात धरला. त्रिजेच्या कामगारांना मद्यार्क, दादाला निर्गुडी. मधे दीडशे वर्षे.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला चालता येईना. क्ष-किरणचित्रात उजव्या मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा चेपलेला निघाला. बुडबुड्यांनी हाडाचा रक्तपुरवठा तोडला की हाड आतल्या आत मरते. हे त्या दिवशी कळत नाही, त्या वर्षीही कळत नाही. ठणका बसला की माणूस बरा झाला असे समजून पुन्हा पाण्यात जातो, आणि सांधा कोसळतो तो कित्येक वर्षांनी, कंत्राट संपल्यावर, कंत्राटदार बदलल्यावर. तेव्हा कोणत्या दिवशीच्या कोणत्या थांब्यातील किती मिनिटे कापली गेली म्हणून हे झाले, हे सिद्ध कोणी करायचे? कंत्राटदाराने वह्या दाखवल्या. वह्या निर्दोष होत्या. दादाने शस्त्रक्रिया करून घेतली. तो काठी घेऊन चालतो.

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर 'मिखानिकोस' नावाचा एक नाच आहे. स्पंज काढायला जाणाऱ्या पाणबुड्यांच्या हाती एकोणिसाव्या शतकात धातूचे शिरस्त्राण आणि हवेची नळी आली, आणि बेटावर लुळे होऊन परतणारे तरुण दिसू लागले. नाचात रांगेतला पहिला पुरुष काठीवर रेलून, थरथरत्या पायांनी ताल धरण्याचा प्रयत्न करतो आणि बाकीचे त्याच्यासाठी ताल आवरतात. आमच्याकडे कोळीगीतांत नाखवा आहे, वारा आहे, जाळे आहे. नळी लावून खाली उतरणारा अजून कोणी आणलेला नाही. तो आमच्याकडे फार उशिरा आला, आणि भाड्याच्या बोटीतून आला.

दादाच्या दुखण्यामुळेच मी हा विषय वाचू लागले आणि निवृत्तीनंतर, त्रेपन्नाव्या वर्षी, अंदमानात स्वराज द्वीपावर जाऊन स्कूबा शिकले. घरच्यांना हे विचित्र वाटले. मला मात्र जे मी फळ्यावर शिकवले आणि ज्याने त्याचे हाड खाल्ले, ते एकदा स्वतःच्या अंगात भरून पाहायचे होते. माझी शिक्षिका माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती आणि मला 'आन्टी' म्हणे. खाली जाणे तिने अर्ध्या दिवसात शिकवले. उरलेले दिवस वर येण्याचे होते. आपल्याच श्वासाचे सर्वांत बारीक बुडबुडे ज्या वेगाने वर जातात त्याच्या पुढे जायचे नाही. मनगटावरचा संगणक खोली आणि वेळ मोजून शरीरात किती वायू मुरला असेल याचा अंदाज सतत सांगत असतो. त्याने दिलेली मर्यादा गाठेपर्यंत ताणायचे नाही. मिनिटाला नऊ मीटरांहून वेगाने चढायचे नाही आणि शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. पाणी पुरेसे प्यायचे. वर आल्यावर जड सामान उचलण्याची किंवा धावपळीची घाई करायची नाही. आणि विमान किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, घ्यायचे नाही, कारण विमानाच्या पोटातला दाब जमिनीपेक्षा कमी असतो आणि गोटी तेथे आणखी थोडी ढकलली जाते. पोर्ट ब्लेअरहून सकाळचे विमान असलेले प्रवासी हे ऐकून चुळबुळ करतात. घाटही याच हिशोबात येतो. मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी दिवसभर खोल बुड्या मारून रात्रीच्या बसने घाट चढून बंगळूरला जाणारे पुण्या-मुंबईचे तरुण मी पाहिले आहेत. ९०० मीटर उंची ही विमान नसले तरी उंचीच आहे.

या नियमांचा इतिहास वाचला की त्यांच्याविषयीचा भाबडा आदर कमी होतो आणि खरा आदर वाढतो. मिनिटाला साठ फूट हा चढण्याचा वेग अमेरिकी नौदलाने १९५०च्या दशकात ठरवला, तो प्रयोगाने नव्हे, घासाघीस करून. जड पोशाखाच्या पाणबुड्यांना पंचवीस फूट हवे होते, मोकळ्या पोहणाऱ्यांना शंभराच्या वर. मधला, हिशोबाला सोपा असा आकडा घेतला, मिनिटाला साठ म्हणजे सेकंदाला एक. तो पुढची चार दशके जगभर देववाक्यासारखा पाळला गेला आणि मग निम्म्यावर आला. नव्या शतकाच्या प्रारंभी अधिक खोलावर थांबे घेण्याची लाट आली. तर्क मोठा मोहक होता. अमेरिकी नौदलाने तो माणसांवर तपासला. खोल थांब्यांच्या वेळापत्रकात १९८ बुड्यांत अकरा जणांना बाधा झाली, उथळ थांब्यांच्या वेळापत्रकात १९२ बुड्यांत तिघांना. हा अहवाल २०११ सालचा. मोहक तर्काच्या भरवशावर बुड्या मारणाऱ्यांनी मग मुकाट्याने आपली यंत्रे नव्याने लावून घेतली.

आणि सर्व नियम पाळूनही कोणाला तरी बाधा होतेच. हौशी पाणबुड्यांत दर दहा हजार बुड्यांमागे साधारण एक ते चार जणांना. ध्वनिलहरींनी तपासले तर काहीही न होणाऱ्यांच्या शिरांतही बुडबुडे वाहताना ऐकू येतात. फुप्फुसे ते गाळून टाकतात. पण सुमारे चारात एका माणसाच्या हृदयात, जन्मापूर्वीची एक झडप पुरती मिटलेली नसते, आणि तेथून एखादा बुडबुडा फुप्फुस टाळून थेट धमन्यांत जाऊ शकतो. म्हणून शिक्षिकेने आणखी एक गोष्ट घोकून घेतली होती. वर आल्यावर सांधा दुखला, त्वचेवर जांभळट जाळी उमटली, बधिरपणा आला, चक्कर आली, लघवी अडली, विलक्षण थकवा वाटला, तर 'आखडले असेल' असे म्हणायचे नाही. आडवे व्हायचे, शुद्ध प्राणवायू लावायचा आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाकडे निघायचे. पुन्हा पाण्यात उतरून स्वतःवर इलाज करायचा नाही. नेहमीच्या उपचारात रुग्णाला अठरा मीटरइतक्या दाबावर नेऊन प्राणवायू देत जवळजवळ पाच तासांत उतरवतात. 'काही नाही, आखडले असेल' हे वाक्य डॉक्टर या रोगाच्या लक्षणांतच धरतात, असे ती म्हणाली. दादाच्या घरी ते वाक्य वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी म्हटले गेले होते.

होंडुरासच्या किनाऱ्यावरील मिस्किटो जमातीचे पाणबुडे परदेशी ताटांसाठी शेवंड पकडतात. मजुरी वजनावर. दिवसात दहा-बारा टाक्या संपवायच्या आणि दरवेळी शक्य तितक्या वेगाने वर यायचे. त्यांच्या गावांत लुळ्या पायांचे पुरुष ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांच्यापैकी ४२ जणांचे प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापुढे आले आणि २०२१ साली न्यायालयाने होंडुरास राज्याची जबाबदारी निश्चित केली. त्या बातमीचा मथितार्थ मी दादाला फोनवर सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांच्या वह्या कोण लिहीत होतं?" वह्याच नव्हत्या, असे मी सांगितले. "मग बरं झालं," तो म्हणाला.

अंदमानातून परतल्यावर मी त्याला भेटायला गेले. त्याने माशांविषयी विचारले नाही, प्रवाळांविषयी विचारले नाही. काठी भिंतीला टेकवून बसत तो म्हणाला, "अगं, ते पाच मीटरवर थांबतात म्हणतेस, तिथं तीन मिनिटं करता काय?" मी सांगितले, की बोटीच्या नांगराची दोरी हलकेच धरून राहायचे. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे दोरीभोवती फिरतात, आपल्या बुडबुड्यांत शिरून पाहतात. वर लाटांची खालची बाजू दिसते, त्यातून ऊन हलते. खाली पाहिले तर आपण होतो ती जागा निळी होत गेलेली असते. शिक्षिका बोटांनी मिनिटे दाखवते. तो ऐकत होता. "आमच्याकडं गढूळच," तो म्हणाला. "आपला हातसुद्धा दिसायचा नाही. मी आकडे मोजायचो. शंभरावर गेलो की झटके यायचे." मी विचारले, "किती मोजायचे असत?" "कोष्टकात?" त्याने जरा आठवून पाहिले. "बाराशेच्या आसपास." मग आत्याने चहा आणला.